दांतावर दांत

यंत्रांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा शोधाची तारीख सांगून पुढें जातात. अमुक सालीं अमुक गृहस्थानें अमुक यंत्र सिद्ध केलें, तें अमुक देशांत पसरलें, त्याची किंमत इतकी उतरली, एवढें लिहिलें कीं त्यांचें काम संपतें. तें यंत्र सामान्य माणसाच्या हातीं आल्यावर त्या हातानें त्याच्याशीं वर्तन कसें ठेवलें, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. मोटारींतील गिअरचा दांडा हा अशा इतिहासास अगदीं योग्य विषय आहे. या दांड्यावर गेल्या सव्वाशें वर्षांत जी जबरदस्ती झाली, तिचा आवाज प्रथम फार मोठा होता, पुढें तो लहान झाला आणि शेवटीं ऐकूंच येईनासा झाला. जबरदस्ती मात्र कमी झाली असें आम्हांस वाटत नाहीं. ती फक्त मुकी झाली.

विषय पॅरिस-डेट्रॉइटकडील दिसला, तरी त्याचें मर्म वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत जितकें उघड दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत धनज नांवाचें गांव आहे. हा सगळा टापू कापसाचा. कारंज्यास १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि हिंदुस्थानांतील अशा बाजारांत तो पहिला गणला जातो. आसपासच्या गांवांचा कापूस त्या काळीं बाजारास जाई तो बैलगाडीनें. वाटेंत चिखल लागला, चढ आला, किंवा ओझें अधिक झालें, कीं बैल पाऊल आंखडतें घेतो आणि मान खालीं घालून जोर वाढवितो. गति कमी करून बळ वाढविण्याचा हा सौदा तो आपला आपणच करतो. गाडीवानास त्यासाठीं कोणतीहि कळ फिरवावी लागत नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळकडे अरुंद रुळांची आगगाडी धांवूं लागली. लोकांनीं जिला 'शकुंतला' म्हटलें ती हीच. तिच्या वाफेच्या एंजिनासहि हा सौदा साधत असे. वाफेचा दाब दट्ट्यावर पडला कीं चाक जागचें हलण्यापूर्वींच त्याला पुरा जोर मिळतो. म्हणून १९९४ पर्यंत त्या मार्गावर राबलेल्या वाफेच्या एंजिनास क्लचचीहि गरज नव्हती आणि गिअरचीहि नव्हती.

पेट्रोलच्या एंजिनाचा स्वभाव अगदीं उलट. तें उभ्या गाडीला ओढूं म्हटल्यास बंद पडतें. मिनिटास हजार-दोन हजार फेरे घेत असतांच त्याला बळ येतें, आणि तें बळहि ठराविक मर्यादेंतच. बैलाला निसर्गानें दिलेली सौद्याची बुद्धि त्याला नाहीं. म्हणून ती बाहेरून द्यावी लागली, आणि ती दांतेरी चाकांच्या पेटींतून दिली गेली. लहान चाक मोठ्या चाकास फिरवील तर फेरे कमी आणि जोर जास्त; दोन्ही चाकें सारखीं असतील तर फेरे तितकेच व जोरहि तितकाच. तत्त्व इतकें सोपें आहे कीं रहाटगाडगें पाहिलेल्या माणसास तें निराळें शिकवावें लागूं नये. अडचण तत्त्वांत नव्हती. फिरत असलेलें एक चाक सोडून फिरत असलेलें दुसरें चाक पकडावयाचें कसें, ही ती अडचण होती.

फ्रान्समधील पानार व लव्हासोर या कारखान्याचा एमिल लव्हासोर यानें १८९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं तिचें जें उत्तर काढलें, तें पाहून आज हंसूं येतें. चाकें एका दांड्यावर सरकतीं ठेवावीं, आणि चालकानें हवें तें चाक दुसऱ्या चाकाच्या दांतांत ढकलून द्यावें, एवढेंच तें उत्तर. दोघांचे वेग जुळले तर दांतांत दांत बसतील, नाहीं तर करकरतील, आणि फारच अंतर असेल तर तुटतील. ही रीत रानटी असली तरी काम देते, असें लव्हासोरनेंच म्हटल्याचें सांगतात. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत हाच लव्हासोर सुमारें अठ्ठेचाळीस तास जवळजवळ अखंड गाडी हांकीत सर्वांच्या आधीं परत आला, तेव्हां त्याच्या दांतेरी चाकांचा रानटीपणा लोकांनीं मुकाट्यानें मान्य केला. पुढील तीस-पस्तीस वर्षें जगांतील बहुतेक मोटारी याच तत्त्वावर चालल्या.

या काळांतील चालकास एक विद्या शिकावी लागे. आपल्याकडील जुने ड्रायव्हर तिला 'डबल क्लच मारणें' म्हणतात. वरचा गिअर घ्यावयाचा तर क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणावा, क्लच सोडावा, एंजिनाचे फेरे उतरण्यास क्षणभर अवसर द्यावा, पुन्हा क्लच दाबावा आणि मग दांडा पुढें सारावा. उदाहरणार्थ, दुसऱ्या गिअरांत एंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हां बाहेरील दांडीचा एक होतो, आणि तिसऱ्यांत हेंच प्रमाण १.४ ला १ आहे, असें धरूं. दुसऱ्यांत एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच गतीला तिसऱ्यांत तें २,१०० वर यावें लागतें. मधले ९०० फेरे उतरूं देण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं नाहीं त्याच्या गाडीचे दांत वाजणारच. खालचा गिअर घेणें याहून कठीण. कारण तेथें फेरे उतरूं द्यावयाचे नसून चढवावयाचे असतात. न्यूट्रलमध्यें असतांना ॲक्सिलरेटरला नेमका तेवढाच दाब द्यावयाचा, कमी नाहीं आणि जास्तहि नाहीं. हें मोजून देणारें कोणतेंहि साधन त्या गाड्यांत नसे. कान आणि तळपाय हींच काय तीं साधनें. चूक झाली कीं सबंध रस्त्यास ऐकूं जाईल असा खरखराट होई. हा खरखराट म्हणजेच त्या विद्येचा गुरु होय. एवढा चोख आणि एवढा निर्भीड गुरु फार थोड्या विद्यांना लाभला असेल.

अमेरिकेंत हेन्री फोर्डनें मात्र हा गुरुच नाकारला. १९०८ च्या त्याच्या 'टी' नमुन्याच्या गाडींत चाकें नेहमीं एकमेकांत गुंतलेलीं असत, आणि पायांतील पट्टे आवळून अथवा सैल सोडून गति बदलली जाई. दांतावर दांत आपटण्याचा प्रश्नच नव्हता. दीड कोटि गाड्या विकून १९२७ सालीं तो नमुना बंद झाला आणि त्याच्या जागीं सरकत्या चाकांची 'ए' गाडी आली. एकोणीस वर्षें पायानें गिअर बदलणाऱ्यांस आतां हातानें बदलण्याची वेळ आली! आमच्या बाजूसहि याच सुमारास मोटारींची खरी गर्दी झाली. फोर्ड कंपनीनें १९२६ मध्यें हिंदुस्थानांत आपली शाखा काढली, १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना घातला, आणि संस्थानिक व व्यापारी यांच्या पदरीं असलेली ही वस्तु हळूहळू भाड्याच्या धंद्यांत शिरली. ज्या माणसानें काल बैल हांकले तोच आज लॉरी हांकूं लागला. बैलाला पराणी टोंचली तर तो पुढें जातो. लॉरीच्या दांड्याला जोर केला तर ती दांत खाते. दोघांतील हा भेद शिकण्यांत किती दांतेरी चाकें भुगा झालीं असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं.

आपल्या प्रांतांत या विद्येची खरी परीक्षा घेतली ती घाटांनीं आणि एस. टी. नें. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी सरकारी बस पहिल्यानें सुटली. त्या वेळच्या ताफ्यांत बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड, मॉरिस कमर्शिअल अशा नाना घराण्यांच्या गाड्या होत्या. इतक्या घराण्यांचे दांडे एका हाताला वळण लावून घेतील हें शक्य नव्हतें. एकीची हाताला बसलेली संवय दुसरीवर उपयोगी पडत नसे. आज दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथें महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, आणि भोसरीला चालकांस शिकविणारी संस्था आहे. बाहेरून पाहणारास या दोन गोष्टी निरनिराळ्या दिसतात. वस्तुतः भोसरीस जें शिकविलें जात नाहीं तें हिंगण्यास दुरुस्त करावें लागतें.

घाटांत गिअर चुकणें ही केवळ लोखंडाची हानि नसते. भरलेली लॉरी बोरघाट उतरत आहे. तिला एंजिनाच्या जोरानें आवरून धरण्यासाठीं खालचा गिअर हवा. चालकानें वरचा सोडला, पण खालचा पडला नाहीं. आतां गाडी न्यूट्रलमध्यें आहे, तिची गति क्षणोक्षणीं वाढते आहे, आणि जसजशी ती वाढते तसतसे एंजिनाचे फेरे अधिक चढविल्याखेरीज खालचा गिअर पडणें अशक्य होत जातें. सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरीत नाहीं. जुने ड्रायव्हर घाटमाथ्यावर गाडी उभी करून, गिअर आधींच टाकून, मगच उतारास लागत, तें भित्रेपणामुळें नव्हे. याच्या नेमकें उलट वर्तन म्हणजे डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी मुद्दाम न्यूट्रलला सोडणें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर उतारावर गाडी न्यूट्रल करूं नका, अशा पाट्या लावाव्या लागल्या, यावरून ती खोड किती मुरलेली आहे हें दिसतेंच. चार आण्यांच्या तेलासाठीं कोण आपला जीव गहाण ठेवील, असें घरीं बसून विचारणें सोपें आहे. तेलाचा हिशेब ज्याच्या पगारांतून वळता होतो त्याला तें विचारून पाहावें.

आतां त्या शोधाकडे वळूं ज्यानें हा इतिहास दोन खंडांत विभागला. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत सिंक्रोमेश नांवाची युक्ति प्रथम आली. अर्ल थॉम्पसन हा तिचा जनक. चाकें सरकवावयाचीं नाहींत. तीं सदा गुंतलेलींच ठेवावयाचीं, आणि ज्या गिअरची गरज असेल त्याचें चाक तेवढें दांडीशीं जखडावयाचें. जखडण्यापूर्वीं एक शंकूच्या आकाराचें पितळी कडें त्या चाकाला घांसतें, आणि घांसता घांसतां दोघांचे वेग एक करतें. डबल क्लचमध्यें जें काम चालकाचा कान करी तें आतां हें कडें करूं लागलें. पहिल्या गिअरला ही सोय पुष्कळ वर्षें नव्हती, आणि लॉरी-बसमध्यें तर ती फारच उशिरा आली. तरी घरगुती मोटारींत खरखराट नाहींसा झाला, आणि जो शिकण्यास पूर्वीं सहा महिने लागत तो गिअर आठवड्याभरांत कोणासहि टाकतां येऊं लागला. या शोधाचे उपकार मोठे आहेत, हें नाकारणारा मनुष्य एक तर ढोंगी असेल किंवा त्यानें जुनी जीप कधीं चालविलेली नसेल.

परंतु त्या पितळी कड्याचें काम काय आहे हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. तें घर्षणानें वेग जुळवितें. आणि घर्षणाला वेळ लागतो. सेकंदाचा अल्पसा भाग कां होईना, पण लागतो. जो चालक दांडा हलकेच दाबून धरतो, आणि आंतून वाट मिळाली असें हातास जाणवतांच पुढें सारतो, त्याचें कडें लाखों वेळां वापरूनहि टिकतें. जो मनगटाच्या हिसक्यानें दांडा ठोकतो, त्याचें कडें वेग जुळण्याआधींच दाबलें जातें, त्यावरील बारीक रेघा झिजून गुळगुळीत होतात, आणि एक दिवस तें पकड सोडून देतें. मागचे लहान दांत मग एकमेकांवर आपटूं लागतात व त्यांचीं टोंकें गोल होतात. गोल झालेला दांत पकडलेली वस्तु धरून ठेवीत नाहीं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला कीं दांडा आपोआप मागें उसळतो. याला आपल्याकडे 'गिअर सटकणें' म्हणतात. यावर पुष्कळ चालक एक घरगुती उपाय करतात: दांड्यावर हात दाबून ठेवतात. त्यानें गिअर जागीं राहतो खरा, पण त्या हाताचें वजन पेटींतील काट्यावर पडतें, काटा फिरत्या कड्याला सतत घांसतो, आणि एका रोगाचे दोन होतात. ज्यांचा गिअर मुळींच सटकत नाहीं अशीं भलीं माणसें देखील केवळ ऐटीखातर डावा हात दांड्यावर ठेवून मैलच्या मैल गाडी हांकतात. गप्पा मारतांना हाताला कांहीं तरी आधार लागतो, एवढेंच त्याचें कारण असावें.

क्लचवरील जुलूम याहून भारी. एंजिनामागील जड चक्रांत सांठलेली शक्ति फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणें वाढते. फेरे तिप्पट तर शक्ति नऊपट. मिनिटास १,५०० फेऱ्यांवर क्लच हळू सोडणारा आणि ४,५०० वर एकदम सोडणारा यांच्यांत नुसता घाईचा फरक नाहीं. दुसऱ्याच्या गाडींत ती नऊपट शक्ति एका क्षणांत क्लच प्लेट, गिअरचे दांत, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, क्राऊन-पिनियन आणि ॲक्सल यांवर येऊन आदळते, आणि यांत जो सर्वांत दुबळा असेल तो मोडतो. टायर घसरला तर धन्याचें नशीब, कारण घसरणारा टायर हा धक्का आपल्या अंगावर घेतो.

वऱ्हाडच्या जमिनींत हें नशीबहि फिरतें. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगून लोण्यासारखी होते. पावसाळ्यांत धनजसारख्या गांवाच्या पांदणींत जीप रुतली, तर ती काढण्याची सर्वमान्य रीत म्हणजे झोके देणें: पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. गाडी पुढें सरकत असतांनाच रिव्हर्स टाकला तर झोका चांगला बसतो, हें खरें. आणि बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला पितळी कडें नसतें, हेंहि खरें. म्हणजे १९२८ पूर्वींचा सगळा रानटीपणा त्या पांच मिनिटांत पुनः जिवंत होतो. त्यांतच एखादें चाक चिखलांतून निसटून अकस्मात् खडकाला लागलें, तर मघांपासून मोकळें फिरणारें एंजिन तेथेंच अडतें आणि सारा धक्का ॲक्सलवर जातो. रुतलेल्या गाडीला ॲक्सिलरेटर देण्यापेक्षां चाकाखालीं पऱ्हाटीच्या काड्या घालणें शतपट बरें. त्या भागांत त्यांना तोटा नाहीं. ट्रॅक्टरची गोष्ट तर स्वतंत्रच आहे. आजहि अनेक साध्या ट्रॅक्टरांत सरकत्या चाकांचीच पेटी असते. थांबून गिअर बदलावा हा त्याचा नियम, आणि कापसाची भरलेली ट्रॉली मागें असतांना चालत्या ट्रॅक्टरचा गिअर ओढून बदलणें हा सर्रास परिपाठ. लव्हासोरचा खरखराट ज्यांस ऐकावयाचा असेल त्यांनीं संग्रहालयांत जाण्याचें कारण नाहीं.

आतां हौसेच्या जबरदस्तीविषयीं थोडें. मुंबईस जुहूच्या विमानतळावर पूर्वीं मोटारींच्या शर्यती होत. अलीकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धांवपट्टीवर सरळ रेषेच्या शर्यती झाल्या आहेत. तेथें काळ सेकंदाच्या शतांशानें मोजला जातो, म्हणून ॲक्सिलरेटर न सोडतां गिअर ठोकण्याची रीत पडली. तिच्यांत एक चूक अशी आहे कीं तिला इंग्रजी बोलणारे शर्यतवाले उपहासानें 'पैशाचा गिअर' म्हणतात. तिसऱ्यांत एंजिन ५,५०० फेऱ्यांवर असतां चौथा घ्यावयाचा होता. तो पडला असता तर आपल्या पूर्वींच्या हिशेबानें फेरे सुमारें ३,९०० वर उतरले असते. घाईंत दांडा दुसऱ्यांत गेला. क्लच सोडतांच गाडीचीं चाकेंच एंजिनाला ओढूं लागतात आणि फेरे ७,८५० वर नेतात. ज्या एंजिनाची मर्यादा सहा हजारांची, त्याच्या झडपा दट्ट्यांवर आपटतात. यावर कोणतेंहि पितळी कडें किंवा कोणतीहि विजेची युक्ति उपाय करूं शकत नाहीं; पेट्रोल तोडतां येतें, चाकांनीं ओढलेलें एंजिन थांबवितां येत नाहीं.

तथापि न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. खऱ्या शर्यतीच्या पुष्कळ गाड्यांत पितळी कडेंच नसतें. तेथें मोठमोठे खुंट एकमेकांत अडकतात. त्या पेटीला घाबरत घाबरत, हळू टाकलेला गिअर सोसत नाहीं; खुंटांचीं टोंकें एकमेकांवर घांसत राहतात आणि झिजतात. तेथें झटकन् टाकणें हाच सौम्यपणा होय. यावरून वेग आणि जोर या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें उघड होतें. त्या चालकाचा हात चपळ असतो. तो ठोकणारा असतोच असें नाहीं. आमच्या रस्त्यावरील तरुण त्याची चपळाई घेत नाहींत, त्याची मुद्रा तेवढी घेतात, आणि तीहि अशा गाडींत कीं जिची पेटी त्या वागणुकीसाठीं बनविलेलीच नाहीं.

हा भुर्दंड कोण भरतो? मालक म्हणतो ड्रायव्हरनें गिअर तोडला. ड्रायव्हर म्हणतो पेटी आधींच गेलेली होती. आणि निवाडा करणारा असतो मिस्त्री. पेटी उघडून तो दांताकडे पाहतो. टोंक गोल झालें असेल तर तें वर्षानुवर्षांच्या घाईचें काम. दांत बुडापासून तुटला असेल तर एकाच धक्क्याचें. चाकें निळीं पडलीं असतील तर तेल नव्हतें, म्हणजे दोष मालकाचा. असा हा साक्षीपुरावा असतो. पण सिंक्रोमेशच्या पेटींत गुन्हा आणि त्याचा पुरावा यांच्यांत वर्षें जातात, आणि मधल्या काळांत तीन ड्रायव्हर बदललेले असतात. जुन्या पेटींत जो चुके त्याचा आवाज त्याच क्षणीं सर्वांस ऐकूं येई. आतां शेवटीं ज्याच्या हातांत दांडा असतो त्याच्या पगारांतून पैसे कापले जातात, मग हात कोणाचेहि असोत. नव्या पेटीनें चालकाचें शिकणें सोपें केलें, पण त्याच्या निर्दोषपणाची साक्ष काढून घेतली, ही गोष्ट शोधाच्या इतिहासांत कोठेंहि नमूद नाहीं.

यानंतरचा भाग थोडक्यांत उरकतां येईल. १९३९ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सनें आपोआप गिअर बदलणारी पेटी मोठ्या प्रमाणावर विक्रीस काढली; आपल्याकडे तिची एक स्वस्त बहीण, म्हणजे साध्याच पेटीवर यंत्राचा हात बसविलेली रचना, २०१४ मध्यें मारुतीच्या सेलेरिओ गाडींतून आली. तो यांत्रिक हात दांडा कधीं ठोकीत नाहीं आणि गप्पाहि मारीत नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरांत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी निघून गेल्या, आणि स्टीअरिंगच्या दांडीवरचा तो लांब गिअर मनगटाच्या एका वळणानें टाकणारे हातहि त्यांच्याबरोबर निवृत्त झाले. २०२२ च्या डिसेंबरांत नागपूर-शिर्डी असा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तो कारंजा तालुक्यांतून जातो. त्यावरील गाडी तासचे तास टॉप गिअरमध्यें असते, आणि कारंज्यास खालीं उतरून गांवच्या रस्त्यास लागली कीं अर्ध्या घटकेंत तिला साऱ्या दिवसाचे गिअर बदलावे लागतात.

१ जून २०२२ रोजीं महामंडळानें पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, या जुन्याच मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई' बस सोडली. विजेच्या मोटरला, वाफेच्या एंजिनाप्रमाणेंच, जागेवरून हलतांना पुरा जोर मिळतो; म्हणून त्या बसच्या चालकाच्या डाव्या हाताखालीं गिअरचा दांडा नाहीं, आणि डाव्या पायाखालीं क्लचहि नाहीं. धनजकडच्या ट्रॅक्टरला दोन्ही आहेत, आणि मृगाचा पाऊस पडून गेल्यावर त्यांचा आवाज शेताच्या बांधावरून ऐकूं येतो.